शिक्क्याची गाडी

चिंचवडच्या एका कारखान्यात मी लोकांचे पार्ट नापास करायचे. तेच माझं काम होतं आणि मला ते मनापासून आवडायचं. गाड्यांना लागणारे लोखंडी तुकडे टेबलावर येत, मी ते मोजून बघे आणि केसभर फरक दिसला की लाल लेबल लावे. सप्लायर काकुळतीला येत. "मॅडम, एवढं चालतंय की!" मी म्हणे, "तुमच्या घरी चालत असेल." असली उत्तरं देताना स्वतःविषयी फार बरं वाटायचं. या बाईच्या टेबलावर प्रत्यक्ष विश्वकर्मा आला तरी पहिल्या फेरीत पास व्हायचा नाही, असं स्टोअरमधले लोक म्हणत. ते माझं कौतुक करतायत अशी माझी समजूत होती.

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे काय झालं त्याची लाज किती मोठी होती हे कळेल.

नवऱ्याला लिमरिकला नोकरी लागली आणि आम्ही आयर्लंडला आलो तेव्हा लेक बालवाडीच्या वयाची होती. ती शाळेत रुळेपर्यंत मी घरी राहायचं असं ठरलं. ती रुळली. तिला इथलं इंग्रजी आलं, आमचं मराठी तिला नुसतं समजायचं तेवढं उरलं, ती माझ्यापेक्षा उंच झाली, आणि मी घरीच. गणपतीला सगळी मराठी मंडळी हॉल घेऊन जमतात. तिथे दर वर्षी कुणीतरी नवीन विचारायचं, "तुम्ही काय करता?" मी म्हणायची, "सध्या घरीच." हे 'सध्या' इतकं लांबलं की एका वर्षी माझ्याआधी माझ्या नवऱ्यानेच ते म्हणून टाकलं.

सासूबाई कऱ्हाडहून दर उन्हाळ्यात आमच्याकडे येतात. त्यांच्या धाकट्या बहिणीचा तिकडून रोज व्हिडिओ कॉल असतो. मावशींचा पहिला प्रश्न "जेवलीस का", दुसरा "पाऊस हाय का", आणि तिसरा "सून काय करतीया?" सासूबाई रोज सांगायच्या, "ती घरीच असती." त्यात टोमणा नव्हता. पाऊस आहे हे जसं सांगावं तसं त्या सांगायच्या. तरी ते वाक्य कानावर पडलं की माझ्या हातातलं भांडं जरा जोरात आपटलं जायचं.

आणि मग मला नोकरी मिळाली. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना आहे. रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळ्या तिथे बनतात, आणि त्या तपासायला माणूस हवं होतं. मुलाखतीला एक बाई होत्या. माझ्या अर्जातल्या मधल्या वर्षांच्या मोकळ्या जागेवर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी विचारलं, "स्वतःची गाडी आहे ना? सकाळच्या शिफ्टला तिकडे बस नाही." मी म्हटलं, "ऑफ कोर्स." लायसन्स माझ्याकडे होतं, इथली परीक्षा मी तिसऱ्या खेपेला का होईना पास झाले होते. गाडी मात्र घरात एकच होती, आणि ती रोज सकाळी नवऱ्याबरोबर बरोबर उलट्या दिशेला जायची. गाडी नाही तर नोकरी नाही, इतकं ते साधं होतं. हातात एका महिन्याहून कमी वेळ होता.

इथे जुन्या गाड्यांचे भाव बघून माणूस चालायला लागतो. माझ्या आवाक्यात बसणाऱ्या गाड्या माझ्या लग्नाच्या वेळच्या होत्या. एका रविवारी नेटवर मला एक निळी गाडी दिसली. जेमतेम चार वर्षांची, कमी फिरलेली, सीट गरम होणारी, आणि किंमत एखाद्या म्हाताऱ्या गाडीची. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही एकदा राइट-ऑफ झालेली आहे.

म्हणजे काय, ते मी त्या दिवसापासून भेटेल त्याला समजावून सांगत होते, तर इथेही सांगते. गाडीला अपघात होतो. विमा कंपनी हिशेब करते, की हिला दुरुस्त करण्यापेक्षा मालकाला पैसे देऊन मोकळं झालेलं बरं. मग गाडीच्या नावावर शिक्का बसतो. पुढे कुणीतरी ती स्वस्तात उचलतो, नीट करतो आणि विकतो. गाडी नवीसारखी होते, पण शिक्का जात नाही. ती कितीदा विकली गेली तरी तो तिच्याबरोबर जातो.

नवरा म्हणाला, "म्हणजे भंगार."

"भंगार नाही. दुरुस्त केलेली."

"अगं, ज्यांचा धंदाच गाड्यांचा आहे त्यांनी हात टेकले, आणि तू ती घेणार?"

"ज्यांनी हात टेकले ते अकाउंट्सवाले होते," मी म्हटलं. "मी क्वालिटीची बाई आहे. मी स्वतः तपासून घेईन." नवरा सॉफ्टवेअरवाला. लोखंडाच्या बाबतीत मी त्याला कधीच मत देऊ देत नाही.

गाडी मेयो जिल्ह्यात होती, कासलबार गावाच्या पुढे, एका शेताच्या कडेला असलेल्या शेडमध्ये. शनिवारी आम्ही दोघं गेलो. मी चिंचवडच्या थाटात सगळी तयारी केली होती. बॅटरी, छोटा आरसा, गुडघ्याखाली घ्यायला योगा मॅट आणि लोहचुंबक. गाडीचा पत्रा चेपला की काही लोक त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात आणि वरून रंग मारतात. तिथे चुंबक चिकटत नाही, हे मला माहीत होतं. अडचण एवढीच की घरात चुंबक एकच होतं, फ्रिजवरचा गणपती. तो मी मऊ फडक्यात गुंडाळून नेला होता.

गाडी विकणारा साठीच्या पुढचा, उंच, गमबूट घातलेला. शेडच्या दारात एक बकरी उभी होती आणि आमच्याकडे संशयाने बघत होती. मी फडकं सोडलं आणि गणपती गाडीवरून फिरवायला सुरुवात केली. आधी बॉनेट, मग दारं, मग छत, मग मागची बाजू. तो गडी टोपी काढून उभा राहिला. मला वाटलं, माझं तांत्रिक ज्ञान बघून थक्क झाला. मग त्याने हळूच माझ्या नवऱ्याला विचारलं, "आशीर्वाद देतायत का?"

मागच्या बंपरला आल्यावर गणपती घसरून खाली पडला. मी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "इथे का चिकटत नाही? इथे काय भरलंय?"

"तो प्लॅस्टिकचा आहे, मिसेस," तो म्हणाला. "सगळ्याच गाड्यांचा असतो."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. चिंचवडला मी असे बंपर डोळ्यांनी पाहिले आहेत. पण रुबाबात असलं की माणसाला माहीत असलेलंही आठवत नाही. नवरा शेडच्या छताकडे बघत होता. हसू दाबताना तो नेहमी वर बघतो.

तो माणूस मात्र सरळ होता, हे मला कबूल केलं पाहिजे. त्याने काही लपवलं नाही. गाडी उभी असताना मागून ट्रकने ठोकली, मागचा सांगाडा वाकला, तो अमक्या पद्धतीने सरळ केला, सगळं त्याने खाली वाकून दाखवलं. मध्येच बकरीबद्दलही काहीतरी सांगत होता, की ही फार वाह्यात आहे, कुठेही चढते, हिने पुढे घोटाळा केला. मला वाटलं, माणूस एकटा राहत असेल, जनावरांवर जीव असेल. मी आरशात बघत, इथे 'बरं, छान' म्हणायची पद्धत आहे तसं, "हं, ग्रँड, ग्रँड" म्हणत राहिले. निघताना तो म्हणाला, "एक करा. पैसे द्यायच्या आधी एखाद्या स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासून घ्या. त्याच्या रिपोर्टशिवाय विमा मिळायला त्रास होतो."

मी ताठ झाले. "आय अ‍ॅम अ‍ॅन इंजिनिअर," मी म्हटलं.

किती वर्षांनी म्हटलं मी ते! त्या वाक्यासाठी मी ती गाडी घेतली असं कुणी म्हटलं, तर मी फार भांडणार नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल त्या दिवशी नुसता रिकामा नव्हता, शिंगांना बेगड लावून मिरवत होता.

पुढच्या आठवड्यात तो गाडी ट्रेलरवर घालून लिमरिकला घेऊन आला. "तुमचा विमा नाही, रस्त्यावर चालवू नका," हेही त्यानेच बजावलं. गाडी दारात उतरली आणि सासूबाई पूजेचं ताट घेऊनच बाहेर आल्या.

"आई, ही नवी गाडी नाहीये," मी म्हटलं. "जुनी आहे. अपघात झालेली."

"मग तर करायलाच पायजे," त्या म्हणाल्या. "माझी काय ना न्हाई तुझ्या गाडीला. पन पूजा केल्याबिगर मी बसायची न्हाई."

त्यांनी बॉनेटवर ओल्या कुंकवाने चांगलं हातभर स्वस्तिक काढलं. चाकांखाली लिंबं ठेवली. नवऱ्याने नारळ फोडला, तो पहिल्या फटक्यात फुटला नाही आणि घरंगळत शेजारणीच्या गुलाबात गेला. शेजारीण ऐंशीच्या घरातली. ती नारळ हातात घेऊन आली, सगळा प्रकार बघितला, घरात गेली आणि एक छोटी प्लॅस्टिकची बाटली घेऊन परत आली. नॉक या इथल्या ख्रिस्ती देवस्थानचं पाणी. तिने ते गाडीच्या चारी बाजूंना शिंपडलं. सासूबाई मला म्हणाल्या, "तीर्थ हाय. शानी बाई हाय ही." मग दोघींनी एकमेकींना खोबरं आणि बिस्किटं दिली. मेयोचा तो माणूस पुन्हा टोपी काढून उभा होता. त्यालाही आम्ही पेढा दिला.

दोन्हीकडच्या देवांनी मनावर घेतल्यावर आता काय राहिलं, अशा आवेशात मी विमा कंपन्यांना फोन लावायला बसले.

पहिली मुलगी फार गोड बोलत होती. गाडीचा नंबर सांगितल्यावर म्हणाली की आम्ही अशा गाड्या घेत नाही. दुसरीकडेही तेच. तिसरीकडे एक मुलगा म्हणाला, "इंजिनिअरचा रिपोर्ट आहे का?" मी म्हटलं, "मी स्वतः..." आणि थांबले. चौथ्या कंपनीने माझ्या बाजूचेही प्रश्न विचारले. स्वतःच्या नावावर विमा कधी होता? नव्हता, नवऱ्याच्या विम्यात माझं नाव होतं. गेली काही वर्षं नोकरी? नव्हती. पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला की गाडीचाही इतिहास आणि तुमचाही नसलेला इतिहास, दोन्ही मिळून आम्हाला जरा अवघड आहे. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. रागही आला, पण कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी फ्रिज पुसून काढला.

शेवटी एक कंपनी तयार झाली. स्वतंत्र तपासनीस येऊन गाडी बघेल, त्याने बरी म्हटली तर विमा देऊ. त्याला यायला वेळ होता तो गुरुवारी. मला कामावर हजर व्हायचं होतं पुढच्याच सोमवारी.

मधल्या दिवसांत गाडी दारात उभी होती आणि सासूबाई तिच्यात बसत होत्या. गरम होणारी सीट त्यांच्या गुडघ्यांना फार मानवली. सकाळचा चहा झाला की म्हणायच्या, "जरा चालू कर गं ती." मी शेजारी बसून गाडी चालू करायची, आणि त्या डोळे मिटून जपमाळ ओढायच्या. लिमरिकमध्ये एवढं महागडं शेकायचं यंत्र दुसऱ्या कुणाकडे नसेल.

कुंकू मात्र आम्ही पुसलं नव्हतं. तसं युरोपात या चिन्हाकडे लोक कसे बघतात ते मला माहीत होतं, आणि त्याच संध्याकाळी पुसायचा माझा बेत होता. पण सासूबाई म्हणाल्या, "हातानं पुसायचं न्हाई. आपसूक जाईल." मी म्हटलं, पाऊस आहेच. पाऊस आला. दोन दिवस आला. कुंकू धुऊन गेलं, आणि खाली गुलाबी रंगाचं ठसठशीत स्वस्तिक तसंच राहिलं. रंगात मुरलं होतं. नवऱ्याने भांड्यांचा साबण लावून घासलं, टूथपेस्ट लावली, लिंबू चोळलं. भोवतालचा निळा रंग उजळला आणि स्वस्तिक आणखी उठून दिसायला लागलं.

लेक शाळेतून आली ती फाटकातच थांबली. "मॅम. नो. यू कान्ट. यू जस्ट कान्ट ड्राइव्ह दॅट."

"अगं, पण आपल्याकडे ते शुभ असतं, तुला माहितीये ना?"

"आय नो दॅट, मॅम! डज द होल ऑफ लिमरिक नो दॅट?"

तोडही तिनेच काढली. इथे हर्लिंग नावाचा खेळ आहे, काठीने चेंडू हाणायचा, आणि लिमरिकची माणसं त्यासाठी जीव टाकतात. सामन्याच्या दिवशी गाडीवर चिकटवायला चुंबकाचा हिरवा-पांढरा झेंडा मिळतो. लेकीने मैत्रिणीकडून तो आणला आणि स्वस्तिकावर फटकन चिकटवला. बॉनेट अस्सल लोखंडाचं होतं, याबद्दल माझी परीक्षा तेवढी खरी ठरली. दुसऱ्या दिवसापासून रस्त्याने जाणारे लोक मला अंगठा दाखवायला लागले. पोस्टमन तर फाटकात उभा राहून रविवारच्या सामन्यात पंचाने कसा अन्याय केला ते सांगत होता. मी म्हटलं, "शॉकिंग." ते कुठेही चालतं.

गुरुवारी तपासनीस आला. पन्नाशीचा, शांत, कमी बोलणारा. त्याने मागची बाजू बघितली, गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि मान हलवली. ती चांगली की वाईट ते कळलं नाही. मग पुढे आला आणि त्याने झेंडा उचलला.

त्याने गुलाबी स्वस्तिकाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी एका दमात देव, पूजा, कुंकू, सासू, पाऊस सगळं सांगून टाकलं. सासूबाई दारात उभ्या राहून "गॉड, गॉड" म्हणून मदत करत होत्या.

"ते ठीक आहे," तो म्हणाला. "पण हे रंगात मुरलं कसं? कंपनीचा रंग असता तर पाण्याने निघून गेलं असतं. बॉनेटला नंतर रंग मारलाय, आणि तोही कच्चा. अपघात मागून झाला होता ना?"

मी हो म्हटलं.

"मग पुढे रंग का मारला?"

मागून ठोकर बसली आणि पुढेही काही आदळलं असेल, तर गाडी दोन्हीकडून चेपलेली. मग ही गाडी सोमवारी नाही आणि कधीच रस्त्यावर येणार नाही. मी गणपती फिरवला तो पत्र्यासाठी, रंगाकडे माझं लक्षच नव्हतं. चिंचवडला एखाद्या पोराने असा पार्ट माझ्या टेबलावर आणला असता, तर मी त्याला दिवसभर उभं केलं असतं. इथे मीच सप्लायर, मीच मॅडम, आणि कुणाच्या हातापाया पडावं ते समजेना.

मी मेयोला फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"बकरी, मिसेस," पलीकडून आवाज आला. "बकरी चढली होती बॉनेटवर. खुरांनी पार ओरबाडून ठेवलं. मीच डब्यातल्या रंगाने फवारलं. तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तुम्ही ग्रँड म्हणालात."

तपासनीस पहिल्यांदा हसला. पण नुसत्या बकरीवर तो विसंबला नाही. त्याने बॉनेट उघडलं, आतल्या दोन्ही बाजूंचा सांगाडा बघितला, बोल्टांवर बोट फिरवलं, बराच वेळ घेतला. तेवढ्या वेळात मी सगळ्या देवांची नावं घेतली आणि वर नॉकलाही एक नमस्कार केला. अखेर तो सरळ झाला आणि म्हणाला, "पुढे काही झालेलं नाही. मागचं काम चांगलं केलंय. माझ्याकडून गाडी पास."

मी कठड्यावर बसले.

"एवढी चांगली होती तर मग टाकून का दिली?" मी विचारलं. उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून.

"दुरुस्त होत नाही म्हणून टाकत नाहीत," तो हात पुसत म्हणाला. "त्या दिवशी कुणाला तरी वाटतं, हिच्यावर एवढा खर्च कशाला. तेवढंच. शिक्का मात्र राहणार. दर वेळी सांगावं लागेल."

मग झेंडा परत जागेवर लावताना त्याने सहज विचारलं, "दुरुस्तीची माहिती घ्यायला काल मी मेयोच्या त्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, गाडी घेणारी बाई स्वतः इंजिनिअर आहे म्हणून. तुम्हीच का?"

मी बॉनेटकडे बघितलं. बकरी आठवली, बंपर आठवला, फडक्यातला गणपती आठवला.

"नाही हो," मी म्हटलं. "आय अ‍ॅम अ‍ॅट होम."

तो गेल्यावर सासूबाई कठड्यापाशी आल्या. इंग्रजी त्यांना येत नाही असं आम्ही धरून चालतो.

"काय इचारलं त्यानं?"

"काही नाही, आई. मी काय करते ते."

"मग होम कशापायी म्हनालीस?"

आणि उत्तराला न थांबता सासूबाई चहा टाकायला आत गेल्या. त्या चहा टाकतात तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं, एरवी तो मीच टाकते.

शुक्रवारी संध्याकाळी विमा मिळाला. हप्ता ऐकून नवरा वर छताकडे बघायला लागला, या वेळी हसू दाबायला नव्हे. मी तेवढ्यात ठरवून टाकलं की गाडीत गरम सीट आहे, सासूबाईंचे गुडघे आहेत, लिमरिकच्या लोकांचं प्रेम आहे, आणि या सगळ्याचं मोल धरलं तर सौदा तसा वाईट नाही. हौसेला मोल नसतं हे मात्र मी त्याला म्हटलं नाही.

सोमवारी मी पहाटेच उठून तयार झाले. नवीन काळे बूट घातले, डबा घेतला, गाडीत बसले. सीट गरम केली. आरसे नीट केले. पुन्हा नीट केले. आमच्या दारातून गाडी मागे घेऊन रस्त्यावर काढायची म्हणजे एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला शेजारणीचा गुलाब. गाडीच्या मागच्या भागाने एकदा ट्रक खाल्ला होता, आता माझ्या हातून गुलाब खायची तिची वेळ होती. मी थोडी मागे घ्यायची, थांबायची, पुन्हा पुढे घ्यायची. घड्याळ पुढे जात होतं. मनात आलं, उतरावं आणि कळवून टाकावं की जमत नाही. इतकी वर्षं घरी काढली, आणखी थोडी काढता येतील. कुणालाच आश्चर्य वाटणार नाही.

काच उघडी होती. दारात सासूबाई स्वेटर घालून उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात फोन होता. त्यांच्या बहिणीचा कॉल आला होता. जेवण झालं, पाऊस झाला. मग मावशींचा तिसरा प्रश्न मला इथपर्यंत ऐकू आला.

सासूबाईंनी माझ्याकडे सरळ बघितलं. फोन तोंडाशी धरला आणि मावशींना कऱ्हाडात बिनफोनचं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "घरी न्हाई ती. कामावर गेलीया."

मी अजून दारातच होते. म्हातारीला खोटं पाडणं बरं दिसलं नसतं. मी रिव्हर्स टाकला.